संस्थेची दप्तरे आणि सभासदांचा अधिकार

घर स्वतःचे असले, तरी त्याचा कागद पुष्कळदा दुसऱ्याच्या कपाटात असतो. मुंबई-ठाण्याकडील सदनिकाधारकाजवळ त्याचे भागपत्र असते. परंतु इमारतीच्या जमिनीचा दस्त, देखभाल निधीचा जमाखर्च आणि सभांची इतिवृत्ते संस्थेच्या कार्यालयात असतात. पालघर जिल्ह्याच्या जव्हार-मोखाडा भागातील वांगणीसारख्या गावी घरमालकाचा संबंध गृहनिर्माण संस्थेशी सहसा येत नाही. मात्र त्याच्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत असते आणि तो आदिवासी सहकारी संस्थेचा सभासद असल्यास त्याच्या व्यवहाराचा हिशेब त्या संस्थेच्या खतावणीत असतो. या दोन्ही घरमालकांपुढील प्रश्न एकच आहे. आपल्या नावाने आणि आपल्या पैशाने लिहिलेले दप्तर आपणास पाहता येते काय? कायद्याचे उत्तर निःसंदिग्धपणे होकारार्थी आहे. परंतु हा अधिकार मागितल्यावाचून हाती येत नाही, म्हणून तो नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

सहकारी कायद्यातील तरतूद

महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माणाची परंपरा जुनी आहे. मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली उभी राहिली. अनेकांनी पैसा एकत्र करावयाचा आणि त्याचा विनियोग मोजक्या प्रतिनिधींच्या हाती सोपवावयाचा, हे सहकाराचे मूळ तत्त्व होय. पैसा सर्वांचा आणि लेखणी थोड्यांच्या हाती, अशी ही रचना असल्याने वही सर्वांना खुली असणे ओघानेच येते.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ ने हे तत्त्व शब्दबद्ध केले आहे. त्यानुसार सभासदाला संस्थेच्या कार्यालयात, कामकाजाच्या वेळी किंवा संस्थेने त्यासाठी ठरविलेल्या वेळी, काही दप्तरे विनामूल्य पाहता येतात. अधिनियम, नियम व उपविधी यांच्या प्रती, अखेरचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, समिती सदस्यांची यादी, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभेची व समितीच्या सभांची इतिवृत्ते यांचा त्यात समावेश होतो. सभासदाचे संस्थेशी झालेले व्यवहार ज्या वह्यांत लिहिलेले असतील, त्या वह्यांचा तेवढा भागही त्याला पाहता येतो. यांपैकी कशाचीही प्रत हवी असल्यास लेखी मागणी करून विहित शुल्क भरावे; शुल्क भरल्यापासून एक महिन्याच्या आत प्रत देणे संस्थेवर बंधनकारक आहे.

गृहनिर्माण संस्थांचे प्रश्न वेगळे असल्याने त्यांच्यासाठी २०१९ साली याच अधिनियमात प्रकरण तेरा-ब हे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. दप्तर पाहण्याचा आणि प्रती मिळविण्याचा सभासदाचा हक्क तेथेही मान्य केलेला आहे. ज्या इमारतींत सहकारी संस्था नसून महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खाली सदनिका मालकांचा संघ आहे, तेथेही जमाखर्चाची वही व प्रमाणके कामकाजाच्या दिवशी सोयीच्या वेळी सर्व सदनिका मालकांना पाहण्यासाठी उपलब्ध ठेवावी लागतात.

हिशेबाइतकेच दस्तही महत्त्वाचे

दप्तर म्हणजे केवळ जमाखर्च, अशी समजूत आढळते. ती अपुरी आहे. इमारत बांधून अनेक वर्षे लोटली तरी जमिनीचे अभिहस्तांतरण झालेले नाही, अशी स्थिती अनेक संस्थांत दिसते. अशा संस्थेतील सभासद घराचे मालक असतात, पण कागदोपत्री जमीन विकासकाच्या किंवा मूळ मालकाच्याच नावे राहते. पुढे इमारत जीर्ण होऊन पुनर्बांधणीचा प्रश्न निघाला, म्हणजे ही उणीव एकाएकी उघड होते. मालकी सदनिका अधिनियम, १९६३ मध्ये २००८ साली सुधारणा होऊन मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग उपलब्ध झाला. मात्र आपल्या संस्थेच्या नावे जमीन आहे किंवा नाही, हे मिळकत पत्रिका वा सातबारा उतारा पाहिल्यावाचून कळत नाही.

अधिकाराच्या मर्यादा

या अधिकाराला काही रास्त मर्यादाही आहेत. दुसऱ्या सभासदाचे वैयक्तिक खाते पाहण्याचा हक्क कलम ३२ देत नाही. अवेळी कार्यालयात जाऊन मूळ वह्या घरी नेण्याची मागणीही कोणास करता येणार नाही. बहुतेक संस्थांचे सचिव नोकरी-धंदा सांभाळून विनावेतन काम करतात, ही गोष्ट लक्षात घेऊन वेळ ठरवून घेणे उभयपक्षी हिताचे असते. मात्र सचिव हा दप्तराचा राखणदार असतो, मालक नव्हे. "आमच्यावर विश्वास नाही काय?" हे दप्तर नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. चोख कारभार करणाऱ्या समितीला उघडी वही हाच आरोपांविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.

संस्थेने दाद न दिल्यास

संस्थेने अर्जाची दखल घेतली नाही, तर सभासदाने निबंधक कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी. कारभाराविषयी गंभीर शंका असल्यास कलम ८३ खाली एक-पंचमांश सभासदांच्या अर्जावरून निबंधकांना चौकशी करता येते.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ सहकारी संस्थांना लागू होतो काय, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये थलप्पलम सेवा सहकारी बँकेच्या प्रकरणात याचा निर्णय दिला. केवळ कायद्याखाली नोंदणी झाली एवढ्यावरून सहकारी संस्था सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही; मात्र निबंधक हे सार्वजनिक प्राधिकरण आहेत आणि कायद्याने संस्थेकडून जी माहिती त्यांना मिळविता येते, ती नागरिकाला त्यांच्याकडे मागता येते. अर्थात तिलाही त्या अधिनियमातील अपवाद लागू राहतात. सभासदासाठी कलम ३२ हा जवळचा मार्ग आणि माहिती अधिकार हा दुसरा, असा क्रम यातून निघतो.

वांगणीच्या घरापर्यंत

हेच तत्त्व गावात अधिक व्यापक रूपाने लागू होते. ग्रामपंचायत स्वतः सार्वजनिक प्राधिकरण असल्याने तिच्या दप्तराला माहितीचा अधिकार थेट लागू आहे. या अधिकारात कागदपत्रांची प्रत मागण्याबरोबरच कागदपत्रे व कामे प्रत्यक्ष पाहण्याचाही समावेश होतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराकडून शुल्क घेता येत नाही.

गावातील घरमालकाने प्रथम पाहावयाची वही म्हणजे नमुना ८, अर्थात कर आकारणीची नोंदवही. घर कोणाच्या नावे आहे, क्षेत्र किती, बांधकाम कोणत्या प्रकारचे, कर किती, हे तीत लिहिलेले असते. ही नोंद मालकीचा निर्णायक पुरावा नसली, तरी वडिलांच्या निधनानंतर नाव बदललेले नाही किंवा दोन भावांची घरे एकाच नोंदीत आहेत, अशा चुका पुढे अर्ज-विनंत्यांच्या वेळी अडचणीच्या ठरतात. वही वेळीच पाहिली, तर चूक वेळीच दुरुस्त होते.

ग्रामपंचायतीने वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे वार्षिक हिशेब, मागील वर्षाचा प्रशासन अहवाल, चालू वर्षाचा विकास कार्यक्रम, अखेरची लेखापरीक्षा टिप्पणी आणि तिला दिलेली उत्तरे ठेवावयाची असतात. जव्हार व मोखाडा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडत असल्याने येथे ग्रामसभेचे स्थान आणखी वरचे आहे. १९९६ च्या पेसा अधिनियमानुसार निधीच्या विनियोगाचे प्रमाणपत्र पंचायतीने ग्रामसभेकडून घ्यावयाचे असते. २०१४ च्या राज्य नियमांनी पाड्यांनाही आपली ग्रामसभा स्थापन करण्याचा मार्ग मोकळा केला. २०१५ साली आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के अबंध निधी थेट पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना देण्याचा निर्णय झाला. प्रमाणपत्र देणाऱ्या ग्रामसभेने वही पाहिलीच नसेल, तर त्या प्रमाणपत्राला अर्थ राहत नाही.

आदिवासी विविध कार्यकारी संस्था तर सहकारी अधिनियमाखालीच येतात. १९७२ साली स्थापन झालेल्या आदिवासी विकास महामंडळाची धान्यखरेदी या संस्थांमार्फत होत आली आहे. भात किती मापले, रक्कम किती जमा झाली, आपल्या नावे कर्ज दाखविले आहे काय, हे कलम ३२ खाली सभासदाला आपल्या खात्यावरून पडताळता येते. अक्षरओळख नसलेल्या सभासदाच्या दृष्टीने ही पडताळणी विशेष मोलाची होय, कारण त्याच्या अंगठ्यावर काय लिहिले गेले, हे जाणण्याचे दुसरे साधन त्याच्यापाशी नसते.

दप्तर कसे पाहावे

मागणी नेहमी लेखी असावी आणि पोचपावती घ्यावी. "सर्व कागदपत्रे दाखवावीत" असे न लिहिता वर्ष आणि वहीचे नाव लिहावे. प्रथम लेखापरीक्षण अहवाल वाचावा, कारण कोठे बोट ठेवावयाचे हे तोच सांगतो. त्यानंतर दोष दुरुस्ती अहवाल पाहावा. पाहण्यास मिळतील तेथे मोठ्या खर्चाची प्रमाणके रोजकीर्दीशी आणि रोजकीर्दीची शिल्लक बँकेच्या पुस्तकाशी ताडून पाहावी. तो खर्च कोणत्या ठरावाने मंजूर झाला, हे इतिवृत्तात शोधावे. शंका उरल्यास ती सभेत, वर्ष व रक्कम सांगून विचारावी. व्यक्तीवर आरोप करण्याचे टाळावे. सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत भरावयाची असते. त्यापूर्वी दप्तर पाहिलेला सभासदच तेथे नेमका प्रश्न विचारू शकतो.

गावोगावचे शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांना या कामी बरेच काही करता येण्यासारखे आहे. ग्रामसभेपूर्वी हिशेबाचा गोषवारा फलकावर लावणे, तो सोप्या भाषेत मोठ्याने वाचून दाखविणे, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या शेजारी बसून त्यांची नोंद समजावून देणे, या कामांना निराळा निधी लागत नाही. वर्षातून एकदा जरी प्रत्येक घरमालकाने आपल्या नावाची ओळ स्वतः पाहिली वा ऐकली, तरी चुका लवकर उजेडात येतील आणि संस्थेच्या कारभारावरील सभासदांचा विश्वास दृढ होईल.