गोळी यंदाही चालते का? फ्लूच्या औषधावरचा पहारा

पाऊस सुरू झाला की वस्तीत घराघरांतून खोकल्याचे आवाज येऊ लागतात. एका खोलीत सहा-सात माणसे, ओले कपडे आतच वाळत घातलेले, खिडकी बंद. एकाला ताप आला की चार दिवसांत सगळे घर आडवे होते. अशा वेळी कुणीतरी डब्यातून मागच्या वर्षीची उरलेली पट्टी काढते आणि म्हणते, "ही टॅमिफ्लू आहे, स्वाईन फ्लूवरची. घे एक."

ही गोळी यंदाही चालते, हे कुणी ठरवले? उद्या ती चालेनाशी झाली, तर ते आपल्याला कळणार कसे? या महिन्यात एवढे दोन प्रश्न समजून घेऊ.

गोळी काय करते?

फ्लू हा विषाणूचा आजार आहे. अँटिबायोटिक गोळ्या जिवाणूंसाठी असतात, फ्लूच्या विषाणूवर त्या चालत नाहीत. फ्लूवर सर्वांत जास्त वापरले जाणारे औषध म्हणजे ओसेल्टामिवीर. टॅमिफ्लू हे त्याचेच कंपनीने दिलेले नाव.

विषाणू आपल्या घशातील आणि फुफ्फुसातील पेशींत शिरतो व तिथे स्वतःसारखे असंख्य विषाणू तयार करतो. हे नवे विषाणू बाहेर पडताना पेशीला चिकटून राहतात. सुटण्यासाठी त्यांच्याकडे कात्रीसारखे काम करणारे एक प्रथिन असते. त्याचे नाव न्यूरामिनिडेज. 'एच१एन१' या नावातला 'एन' तो हाच. ओसेल्टामिवीर या कात्रीत जाऊन अडकते. कात्री चालली नाही की विषाणू पुढे पसरू शकत नाही. म्हणून ही गोळी आजार सुरू झाल्यापासून पहिल्या दोन दिवसांत मिळाली तर सर्वांत जास्त उपयोगी पडते.

कात्रीच बदलली तर?

विषाणू स्वतःची नक्कल करताना सारख्या चुका करतो. बहुतेक चुकांचा त्याला फायदा होत नाही, एखादीचा होतो. न्यूरामिनिडेज ही शेकडो मण्यांची माळ आहे असे समजा. एच१एन१ विषाणूत या माळेतला २७५ व्या जागेवरचा एकच मणी बदलला, तर ओसेल्टामिवीर तिथे नीट बसत नाही. मग विषाणू औषधाला दाद देत नाही.

असे खरोखर घडले आहे. जानेवारी २००८ मध्ये नॉर्वे देशातल्या शास्त्रज्ञांना दिसले की, तिथे फिरणाऱ्या एच१एन१ विषाणूंपैकी सुमारे दोन-तृतीयांश विषाणू या गोळीला दाद देत नाहीत. पुढच्या हिवाळ्यापर्यंत जगात अनेक ठिकाणी त्या जातीचे जवळजवळ सगळे विषाणू तसेच झाले होते. त्याच्या आधी, २००६ मध्ये, अमेरिकेने अमँटाडिन हे फ्लूचे जुने औषध वापरू नका असे डॉक्टरांना सांगितले होते. कारण तेच होते.

मग २००९ मध्ये स्वाईन फ्लू आला. ऑगस्टमध्ये पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला. तोंडाला रुमाल बांधून दवाखान्यासमोर लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. तो एच१एन१ विषाणू नवा होता आणि ओसेल्टामिवीरला दाद देत होता, म्हणून तेव्हा ही गोळी कामी आली. आदल्या वर्षीच्या एच१एन१ वर ती चाललीच नसती. आज फिरणारे बहुतेक फ्लूचे विषाणू या गोळीला दाद देतात. पण ही कायमची हमी नाही.

दोष कुणाचा?

एमडीआर टीबी म्हणजे काय, हे वस्तीत वेगळे सांगावे लागत नाही. औषध मध्येच सुटले किंवा अपुरे मिळाले की टीबीचे जंतू दाद देईनासे होतात आणि पुढे तेच जंतू दुसऱ्यालाही लागतात. फ्लूचे मात्र थोडे वेगळे आहे. नॉर्वेत ही गोळी फारच कमी वापरली जात होती, तरी तिथे असा विषाणू पसरला. म्हणजे रुग्णांनी गोळ्या चुकीच्या घेतल्या म्हणून हे झाले, असे म्हणता येत नाही. गोळी नीट घेणे गरजेचे आहेच, पण तेवढ्याने भागत नाही. विषाणूवर सतत नजर ठेवावी लागते.

पहारा कसा चालतो?

जागतिक आरोग्य संघटनेचे फ्लूवर लक्ष ठेवणारे जाळे १९५२ पासून काम करते. आपल्याकडे पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, या जाळ्यात आहे. काम साधारण असे चालते:

१. दवाखान्यात रुग्णाच्या नाकातून किंवा घशातून स्वॅब घेतात आणि तो थंड पेटीतून प्रयोगशाळेत जातो.

२. फ्लू आहे का आणि कोणत्या जातीचा, हे पीसीआर तपासणीत कळते.

३. निवडक नमुन्यांतला विषाणू प्रयोगशाळेत वाढवतात. त्याची कात्री निम्मी थांबवायला किती औषध लागते, हे मोजतात. फ्लूच्या 'ए' गटातल्या विषाणूला नेहमीच्या दहापट ते शंभरपट औषध लागले, तर औषधाचा परिणाम घटला असे धरतात. शंभरपटीच्या वर गेले, तर फारच घटला.

४. विषाणूची जनुके वाचून कोणता मणी बदलला, हे शोधतात.

ही माहिती जगभरच्या प्रयोगशाळा एकमेकांना कळवतात. त्यावरून कोणते औषध वापरायचे, याचा सल्ला डॉक्टरांना मिळतो.

यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. जिथून नमुने जात नाहीत, तिथला बदल कुणाला दिसत नाही. आपल्या भागातल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी स्वॅब घ्यायचा म्हटले, तर घाबरू नका. क्षणभर नाकात चुरचुरते, एवढेच. आणि तो कशासाठी घेत आहेत, अहवाल कधी मिळेल, हे जरूर विचारा. तो आपला हक्क आहे.

घरात काय करायचे?

* साधा ताप, सर्दी, खोकला असेल तर विश्रांती, भरपूर पाणी आणि तापाची गोळी बहुतेकांना पुरते. फ्लूची गोळी प्रत्येकाला लागत नाही. लहान मुलांना ॲस्पिरिन देऊ नका.
* गरोदर बाई, लहान मूल, म्हातारी माणसे, तसेच मधुमेह, दमा, हृदय, किडनीचा आजार किंवा एचआयव्ही असलेले यांना ताप आला, तर वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात न्या.
* धाप लागणे, छातीत दुखणे, गुंगी, थुंकीत रक्त, ओठ किंवा नखे निळी पडणे, बाळ दूध न पिणे, ही धोक्याची चिन्हे आहेत. लगेच मोठ्या रुग्णालयात जा.
* डॉक्टरांनी ओसेल्टामिवीर दिले, तर सांगितलेले सगळे दिवस घ्या. मोठ्यांना ते सहसा पाच दिवस, दिवसातून दोनदा असते. बरे वाटले म्हणून थांबू नका. किडनीचा त्रास असेल तर आधीच सांगा, कारण मात्रा कमी करावी लागते.
* गोळ्या घेऊनही ताप उतरत नसेल, तर औषध बदलून स्वतः प्रयोग करू नका. पुन्हा डॉक्टरांना दाखवा आणि आधी काय घेतले ते सांगा.
* खोकताना तोंडावर रुमाल धरा, हात साबणाने धुवा, दिवसा खिडकी उघडी ठेवा. गरोदर बाई व म्हाताऱ्या माणसांसाठी फ्लूच्या लसीची चौकशी करा. ती दरवर्षी घ्यावी लागते.

आणि ती डब्यातली उरलेली पट्टी? ती कुणालाही देऊ नका. उरलेल्या चार गोळ्यांत पुरा डोस होत नाही. ताप फ्लूचा आहे की डेंग्यूचा, हे पट्टी बघून कळत नाही. आणि यंदाचा विषाणू तिला दाद देतो की नाही, हेही डब्यातून कळत नाही. ते कळते स्वॅबमधून आणि प्रयोगशाळेतून. म्हणून ताप वाढला की पाय दवाखान्याकडे वळू द्या.