पाहुण्या हंसांचा जमाखर्च

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. पक्षिशास्त्र हा माझा विषय नव्हे. तेव्हा हंसांवर लेख लिहिण्याचा अधिकार याला कोणी दिला, असे विज्ञान शाखेचे मित्र विचारतील. उत्तर एवढेच की, गेल्या हिवाळ्यात गदग जिल्ह्यातील शिरहट्टी तालुक्यात मागडी गावच्या तळ्यावर गेलो असता पक्ष्यांबरोबर मला एक हिशेबही दिसला, आणि तो कोणत्याही वहीत मांडलेला नव्हता.

हंस म्हटले की आपल्याला सरस्वतीचा शुभ्र, लांब मानेचा हंस आठवतो. मागडीचा हंस तसा नाही. अंगाने करडा, आणि पांढऱ्या डोक्याच्या मागे दोन काळे पट्टे. मराठीत त्याला पट्टकदंब म्हणतात. कन्नडमध्ये हंसाच्या या जातीला हेब्बातु, म्हणजे मोठे बदक, असे सरळ नाव आहे. मंगोलिया, तिबेट, लडाख येथील सरोवरांच्या काठी हा पक्षी अंडी घालतो आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे उतरतो. मागडीचे तळे शेतीच्या पाण्यासाठी बांधलेले, सुमारे ५० हेक्टरांचे. जानेवारी २०२४ मध्ये त्याचा समावेश रामसर स्थळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत झाला.

परंतु हा हंस मासे खाणारा पक्षी नव्हे. तो चरणारा आहे. तळे ही त्याची विसाव्याची जागा. पोट भरते ते भोवतालच्या शिवारात. बांधावर भेटलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याला मी विचारले, "अज्जा, हे पक्षी पिकात शिरतात, तुम्ही हाकलत नाही?" ते हसून म्हणाले, "नम्मूर बीगरु!" म्हणजे आमच्या गावचे व्याही. व्याही आले की जेवू घालावेच लागते. उत्तर गोड होते; पण माझ्या मनात प्रश्न राहिला. पक्षी पाहण्याचा आनंद माझ्यासारख्या पाहुण्याच्या खात्यावर जमा होतो, आणि खर्च मात्र अज्जांच्या नावे पडतो. या दोन खात्यांचा मेळ कोणी घालायचा?

या प्रश्नाचा पद्धतशीर विचार कोठे झाला आहे, हे शोधताना मला उत्तर युरोपातील दुसऱ्या एका हंसाची माहिती मिळाली. तो गुलाबी पायांचा हंस. नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिक महासागरात स्वालबार्ड ही बेटे आहेत. तेथे उन्हाळ्यात तो पिले वाढवतो आणि नॉर्वेमार्गे डेन्मार्क, नेदरलँड्स व बेल्जियममध्ये हिवाळा काढतो. १९६०च्या दशकात स्वालबार्डच्या या हंसांची संख्या सुमारे १५,००० होती. पुढे शिकारीवर निर्बंध आले, शेतांत अन्नही मुबलक मिळू लागले, आणि २०१२च्या सुमारास संख्या ८०,०००च्या घरात गेली. पक्षिप्रेमींना आनंद झाला. पण वसंत ऋतूत परतीच्या वाटेवर हे थवे नॉर्वेच्या शेतात कोवळे गवत व नुकतेच पेरलेले बार्लीचे दाणे फस्त करू लागले. स्वालबार्डमध्ये मुळांसाठी जमीन उकरल्याने तेथील नाजूक वनस्पतींचीही हानी होऊ लागली.

मग हाकलून द्यावे, तर काय होते? १९९०च्या दशकात नॉर्वेच्या काही भागांत शेतकऱ्यांनी तसे केले. डेन्मार्कचे संशोधक हंसांच्या गळ्यात अक्षरे लिहिलेले रंगीत पट्टे घालून एकेक पक्षी ओळखत होते. दुर्बिणीतून पोटाचा फुगवटा पाहून त्याच्या अंगी किती चरबी साठली याचा अंदाज घेत होते. ज्यांना निवांत चरू दिले नाही, त्यांच्या अंगी पुरेशी चरबी साठली नाही आणि त्यांना पिलेही कमी झाली. आपल्या भाषेत सांगायचे तर चरबी हे या पक्ष्याचे प्रवासाचे आणि संसाराचे भांडवल आहे. वाटेत ते हिरावले, तर तोटा पुढच्या मुक्कामी दिसतो.

म्हणून दोन मार्ग निघाले. २००६ पासून नॉर्वेत, हंसांना शेतात चरू देणाऱ्या शेतकऱ्यांना सरकारी अनुदान मिळू लागले. आणि २०१२ मध्ये आफ्रिका व युरेशियातील स्थलांतरित पाणपक्ष्यांसंबंधीच्या कराराखाली या हंसासाठी संयुक्त व्यवस्थापन योजना मान्य झाली. शेतकरी, शिकारी, पक्षिप्रेमी व सरकारे एकत्र बसली आणि सुमारे ६०,००० ही संख्या सर्वांनी उद्दिष्ट म्हणून ठरवली. एकूण पक्षी किती, त्यांत पिलांचे प्रमाण किती, शिकार किती झाली, स्वालबार्डमध्ये वसंत ऋतू किती उबदार होता, हे आकडे गणितात घालून पुढील हंगामाच्या शिकारीची मर्यादा सुचवली जाऊ लागली. शिकार फक्त नॉर्वे व डेन्मार्कमध्ये. इतर दोन देशांत पक्ष्याला संरक्षण.

संख्या लगेच उतरली, असे मात्र नाही. पुढे अनेक वर्षे ती उद्दिष्टापेक्षा वरच राहिली. शिवाय काही हंसांनी स्वीडन व फिनलंडवरून रशियाच्या नोवाया झेमल्या बेटांकडे नवाच मार्ग काढला. तेथे तीन ते चार हजार हंस असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. परंतु अंदाजपत्रक चुकले म्हणून कोणी वही मिटत नाही. पुढील वर्षी दुरुस्ती करतो. या योजनेचे मर्म मला त्यातच दिसते.

ही योजना जशीच्या तशी मागडीला लागू होणार नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हंसांच्या शिकारीला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. आपल्या हंसांपुढील संकटेही निराळी आहेत. डिसेंबर २०२० व जानेवारी २०२१ मध्ये हिमाचल प्रदेशातील पोंग जलाशयावर बर्ड फ्लूने हजारो पक्षी मेले, त्यांत बहुतांश पट्टकदंबच होते. पण तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत: दरवर्षी एकाच पद्धतीने मोजणी करणे, तळ्याबरोबर भोवतालच्या शेतांचाही विचार करणे, आणि शेतकऱ्याला निर्णयात स्थान व नुकसानीत आधार देणे.

यांपैकी पहिल्या कामाचा थोडा वाटा आपणही उचलू शकतो. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पक्षी मोजावेत. आम्ही वाणिज्यवाल्यांनी किती गुंठ्यांतले पीक गेले आणि बाजारभावाने त्याची किंमत किती, हे लिहून घ्यावे. प्रश्न कन्नडमध्ये विचारता येतील, टिपणे दोन्ही भाषांत ठेवता येतील. अज्जा व्याह्यांना जेवू घालायला तयार आहेत. तो खर्च त्यांच्या एकट्याच्या घरावर पडू नये, एवढेच मला म्हणायचे आहे. हंस नोव्हेंबरच्या सुमारास येतात. ज्यांना यायचे असेल त्यांनी त्यापूर्वी मला भेटावे.