घट्टे पडलेले हात

एखाद्या मुलाला फार लाडाने वाढविले, की 'त्याला तळहाताच्या फोडाप्रमाणे जपले' असे आपण म्हणतो. हा वाक्प्रचार ज्याने प्रथम योजला, त्याने खासच कुदळ किंवा कुऱ्हाड चालविलेली असली पाहिजे. तळहातावर फोड आला, म्हणजे मनुष्य तो हात कशालाही लागू देत नाही. परंतु जे काम एकाच्या हाताला फोड आणते, तेच काम दुसरा दिवसभर करतो आणि त्याच्या हाताला काही होत नाही. कारण त्याच्या हाताला घट्टे पडलेले असतात. एकाच श्रमातून एकाला दुखणे आणि दुसऱ्याला बळ का मिळावे?

याचे उत्तर आपल्या त्वचेत आहे. त्वचेच्या वरच्या थरास बाह्यत्वचा म्हणतात. तिच्या तळाशी नव्या पेशी सतत निर्माण होतात व हळूहळू वर सरकतात. वर येता येता त्या केराटीन नावाच्या चिवट द्रव्याने भरतात, चपट्या होतात आणि अखेर निर्जीव होऊन कवचाप्रमाणे एकमेकींवर रचल्या जातात. आपली नखे आणि गाईच्या शिंगांचे आवरण याच द्रव्याचे असते. तळहात व तळपाय येथे हे कवच मुळातच जाड असते. एकाच जागी रोज थोडा थोडा दाब पडू लागला, घर्षण होऊ लागले, म्हणजे तेथे पेशी अधिक त्वरेने निर्माण होतात व कवचाचे थर वाढतात. हाच घट्टा. याउलट, सवय नसलेल्या हाताने एकाच दिवशी तासन्‌तास कुदळ चालविली, तर थर रचावयास अवसरच मिळत नाही. बाह्यत्वचेचे थर एकमेकांपासून सुटतात व त्या पोकळीत पाण्यासारखा द्रव साचतो. हा फोड.

प्रत्येक उद्योगाचा घट्टा निराळ्या जागी पडतो. नागपूरच्या महाल, पाचपावली या भागांत पूर्वी पुष्कळ घरांतून हातमाग चालत. धोट्याची दोरी ओढून ओढून विणकराच्या मुठीत घट्टा पडे. काटोलकडे संत्र्याच्या झाडांना आळी करणाऱ्या मजुराचा घट्टा बोटांच्या मुळाशी असतो, शिंप्याचा कात्रीच्या कडीपाशी अंगठ्यावर, तर सतार वाजविणाराचा बोटांच्या टोकांवर. तुमच्याही मधल्या बोटावर, जेथे लेखणी टेकते तेथे, एखादा लहानसा घट्टा आढळेल.

असा हात एका दिवसात घडत नाही. 'पी हळद आणि हो गोरी' हा उतावळेपणा येथे कामाचा नाही. शाळेच्या बागेत खणावयाचे असेल, तर पहिल्या दिवशी पाव तास पुरे. मग रोज थोडी भर घालावी. अवजाराचा दांडा गुळगुळीत असावा. हात चुरचुरू लागला, की थांबावे. तो फोडाचा आगाऊ निरोप असतो. फोड आलाच, तर तो फोडू नये; हात स्वच्छ ठेवून त्यास विश्रांती द्यावी. घट्टा फार जाड झाला, तर त्यास भेगा पडतात. म्हणून कामकरी माणसे हात धुऊन तेल लावतात. काही आठवडे काम थांबले, की घट्टा आपोआप विरू लागतो.

मात्र राठ हात आणि बधिर हात यांत मोठे अंतर आहे. घट्ट्याखाली जाणीव जिवंत असते. कुष्ठरोगावर वेळीच उपचार झाले नाहीत, तर हातापायांचे ज्ञानतंतू निकामी होतात आणि वेदनाच नाहीशी होते. वेदना नाही हे सुख वाटेल. पण तेच मोठे संकट असते. कुदळीच्या दांड्याने फोड आला, चुलीवरच्या भांड्याने बोट भाजले, तरी त्या माणसास कळत नाही आणि जखम चिघळत जाते. त्याला वेदनेचे काम डोळ्यांकडून करून घ्यावे लागते. रोज हात निरखून पाहावे, पाण्यात भिजवून तेल लावावे, अवजाराच्या दांड्यास कापड गुंडाळावे, असा त्याचा नेम असतो.

नागपूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर वरोरा गाव आहे. हिंगणघाट येथे १९१४ साली जन्मलेले बाबा आमटे तेथे वकिली करीत असत. ती सोडून त्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली. जवळ चौदा रुपये, एक लंगडी गाय आणि सोबत सहा कुष्ठरोगी, एवढ्या बळावर त्यांनी व साधनाताईंनी ओसाड, खडकाळ माळरानावर आनंदवन वसविले. पाणी नव्हते, तेव्हा सर्वांनी मिळून विहीर खणली. ज्या हातांनी भीक मागावी अशी समाजाची अपेक्षा होती, त्या हातांनी तेथे पुढे शेते पिकविली, कापड विणले, घरे बांधली. आज कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो. परंतु त्या वेळी या माणसांना आपले हात उपयोगाचे आहेत ही खात्री औषधाइतकीच हवी होती.

मुलांनो, कोणाचा हात हातात घेताना तो खरखरीत लागला, तर आपला हात मागे घेऊ नका. त्या हाताने थोडे थोडे करून पुष्कळ काम केलेले असते. तुमच्या हातालाही रोज थोडे काम द्या आणि तो दुखून काही सांगू लागला, तर त्याचे ऐका.

स्वाध्याय
१. फोड व घट्टा यांच्या उत्पत्तीतील फरक सांगा.
२. वेदना नसणे हे संकट का ठरते?
३. 'तळहाताच्या फोडाप्रमाणे जपणे' व 'पी हळद आणि हो गोरी' यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. तुमच्या परिसरातील एखाद्या कारागिराचे हात पाहा. त्यांवर घट्टे कोठे व कशाने पडले, ते त्यांना विचारून दहा ओळी लिहा.