प्रीपेड मोबाइल योजनेची निवड : एकमान पद्धतीवरील एक व्यवहारपाठ
(इयत्ता सहावी व सातवीच्या शिक्षकांसाठी)

प्रास्ताविक

अंकगणिताचा संबंध मुलांच्या प्रत्यक्ष व्यवहाराशी जोडला गेला पाहिजे, हे तत्त्व सर्व शिक्षकांना मान्य आहे. परंतु व्यवहाराची उदाहरणे काळानुसार बदलतात. पूर्वीच्या पाठ्यपुस्तकांत शेराचे व पायलीचे हिशेब असत. आज घराघरांत होणारा, वारंवार येणारा आणि बहुधा हिशेब न करताच उरकला जाणारा खर्च म्हणजे मोबाइलचा रिचार्ज होय. नंदुरबार तालुक्यातील कोरीटसारख्या गावात पालक दुकानावर जातो, दुकानदार ‘कितीचा मारू?’ असे विचारतो, आणि मागच्या वेळी जितक्याचा मारला तितक्याचाच पुन्हा मारला जातो. तो रिचार्ज घराच्या गरजेचा आहे की नाही, याचा विचार क्वचितच होतो. हा विचार कसा करावा, हे सहावी-सातवीच्या मुलांना शिकविता येते, आणि मुलांच्या द्वारे ते घरापर्यंत पोहोचते.

ह्या विषयाचे महत्त्व केवळ पैशापुरते नाही. देशातील पहिले आधार क्रमांक दि. २९ सप्टेंबर २०१० रोजी ह्याच जिल्ह्यातील, शहादा तालुक्यातील टेंभली येथे देण्यात आले. त्यानंतरच्या वर्षांत बँकेचे खाते, शेतकऱ्यांचे अनुदान, विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती यांचे संदेश व परवलीचे अंक मोबाइलवर येऊ लागले. त्यामुळे एखाद्याचा क्रमांक बंद पडला, तर त्याचे स्वतःच्याच पैशापर्यंत पोहोचण्याचे दार बंद होते.

पाठाचे उद्देश

१. एकमान पद्धतीने दर दिवसाचा खर्च काढण्यास शिकविणे.
२. ‘महिना’ व ‘२८ दिवस’ यांतील फरक हिशेबाने दाखविणे.
३. गरज आधी व किंमत नंतर पाहण्याची सवय लावणे.
४. क्रमांक चालू ठेवण्याचे महत्त्व समजावून देणे.

शिक्षकाची पूर्वतयारी

पाठ घेण्यापूर्वी शिक्षकाने पुढील माहिती स्वतः नीट समजून घ्यावी.

भारतात मोबाइल सेवेचा पहिला संवाद दि. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता व दिल्ली यांच्यामध्ये झाला. त्या काळी फोन करणाऱ्याप्रमाणेच फोन घेणाऱ्यासही पैसे पडत. सन २००३ पासून येणारा फोन विनामूल्य झाला. आज बहुतेक योजनांत बोलणे अमर्याद असते, आणि योजनांमधील मुख्य फरक मुदत व डेटा या दोन बाबींतच उरला आहे. म्हणून मुलांनी प्रत्येक योजनेविषयी तीनच प्रश्न विचारावेत : किंमत किती, दिवस किती, डेटा किती?

दूरसंचार क्षेत्रावर देखरेख करणारे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण सन १९९७ मध्ये स्थापन झाले. ह्या प्राधिकरणाचे दोन निर्णय प्रस्तुत पाठाशी संबंधित आहेत. जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीने निदान एक योजना पूर्ण ३० दिवसांची व एक दर महिन्याच्या त्याच तारखेस नूतनीकरण होणारी ठेवावी, असा आदेश निघाला. डिसेंबर २०२४ मध्ये ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी केवळ बोलणे व संदेश यांची योजना ठेवणे बंधनकारक करण्यात आले, आणि अशा खास योजनांची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेण्यात आली. ह्या योजना दुकानातील फलकावर ठळकपणे दिसतीलच असे नाही; त्या मागून घ्याव्या लागतात.

विषयप्रवेश

शिक्षकाने वर्गास विचारावे : ‘वर्षात महिने किती?’ मुले ‘बारा’ म्हणतील. ‘मग दर महिन्याला २०० रुपयांचा रिचार्ज केला, तर वर्षाला किती?’ मुले २,४०० सांगतील. मग शिक्षकाने सांगावे की रिचार्ज २८ दिवसांचा आहे. मुलांनी ३६५ ला २८ ने भागावे. भागाकार १३ येतो व बाकी १ उरते. म्हणजे वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज लागतात व खर्च २,६०० रुपये होतो. हे वाढलेले २०० रुपये कोठून आले, ते मुलांनीच शोधून काढावे. शिक्षकाने घाईने सांगू नये. तोच प्रश्न ८४ दिवसांच्या योजनेविषयी विचारावा. लोक तिला ‘तीन महिन्यांचा रिचार्ज’ म्हणतात, परंतु ८४ दिवस म्हणजे नेमके बारा आठवडे.

विषयविवेचन

पहिली पायरी : दर दिवसाचा खर्च. जानेवारी २०२५ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांनी केवळ बोलण्याच्या पुढील योजना जाहीर केल्या होत्या. त्या फळ्यावर लिहाव्यात.

एअरटेल : ४६९ रुपये, ८४ दिवस. १,८४९ रुपये, ३६५ दिवस.
जिओ : ४४८ रुपये, ८४ दिवस. १,७४८ रुपये, ३३६ दिवस.

हे दर त्या महिन्याचे आहेत. पाठाच्या दिवशी शिक्षकाने दुकानातून चालू दर आणून त्यांच्या जागी लिहावेत. पद्धत तीच राहील.

मुलांना प्रथम विचारावे : मोठ्या मुदतीच्या दोन योजनांत स्वस्त कोणती? बहुतेक मुले १,७४८ ची सांगतील, कारण ती १०१ रुपयांनी कमी दिसते. आता भागाकार करावा.

१,८४९ ÷ ३६५ = ५ रुपये ७ पैसे (सुमारे)
१,७४८ ÷ ३३६ = ५ रुपये २० पैसे (सुमारे)

जी योजना स्वस्त दिसली तीच दर दिवशी सुमारे १३ ते १४ पैशांनी महाग ठरली. ८४ दिवसांच्या योजनांत मात्र ४४८ ÷ ८४ = ५ रुपये ३३ पैसे व ४६९ ÷ ८४ = ५ रुपये ५८ पैसे, असा उलट क्रम लागतो. यावरून ‘अमुक कंपनी स्वस्त’ असे सरसकट विधान करता येत नाही, प्रत्येक योजनेचा हिशेब स्वतंत्रपणे करावा लागतो, हे मुलांच्या ध्यानी येईल.

दुसरी पायरी : एकदम भरावे की थोडे थोडे. ४६९ रुपयांच्या दराने ३६५ दिवसांचा खर्च सुमारे २,०३८ रुपये होतो. तेच एकदम भरल्यास १,८४९ रुपये पडतात. म्हणजे ज्याच्या हाती एका वेळी पैसा आहे त्याचे १८९ रुपये वाचतात. ज्याच्या हाती नाही त्याला तीच सेवा महाग पडते. ह्यात मजुराचा आळस नाही, त्याच्या हातातील पैशाची चणचण आहे, हे शिक्षकाने स्पष्ट करावे. ज्या घरांतून ऊसतोडीस जातात, तेथे हंगामाच्या आरंभी उचल हाती येते. ही उचल कर्ज असते आणि तिच्यातून पुष्कळ गोष्टी भागवावयाच्या असतात, हे खरे. परंतु वर्षाचा एक रिचार्ज करणे शक्य असेल, तर तो करण्याची वेळ तीच होय.

तिसरी पायरी : डेटाचा हिशेब. येथे काल्पनिक उदाहरण घ्यावे. समजा, ‘क’ योजना ३०० रुपयांची, २८ दिवसांची व रोज दीड जीबी डेटाची आहे. ‘ख’ योजना २०० रुपयांची, २८ दिवसांची व एकूण २ जीबीची आहे. ‘क’ मध्ये एकूण ४२ जीबी मिळतात, म्हणजे एक जीबी सुमारे ७ रुपयांस पडतो. ‘ख’ मध्ये तो १०० रुपयांस पडतो. मुले लगेच ‘क’ निवडतील. तेव्हा विचारावे : जी आजी केवळ फोन उचलते, तिने ४२ जीबीचे काय करावे? रोजचा न वापरलेला डेटा मध्यरात्री संपतो. तो दुसऱ्या दिवसासाठी साठत नाही. न वापरलेली वस्तू कितीही स्वस्त असली तरी तिच्यावर खर्च झालेले १०० रुपये वायाच जातात. उलट ज्या घरी मूल रोज तासभर पाठाचे चित्रफितीतून अध्ययन करते, तेथे २ जीबी आठवडाभरही पुरणे कठीण.

कोणाचा वापर किती आहे, हे अंदाजाने ठरवू नये. स्मार्टफोनच्या ‘सेटिंग्ज’मध्ये गेल्या महिन्यात किती डेटा खर्च झाला, तो आकडा दिसतो.

चार घरे, चार गरजा

पुढील चार उदाहरणे गटांत वाटून द्यावीत व प्रत्येक गटाने आपला निर्णय कारणांसह सांगावा.

पहिले घर : एकटी राहणारी वृद्धा, साधा बटणांचा फोन, मुलाचा फोन येतो, बँकेचा संदेश येतो. अपेक्षित निर्णय : केवळ बोलण्याची, शक्य तितक्या दीर्घ मुदतीची योजना. येथे एक गोष्ट पाहावी की काही जाळी केवळ ४जी व त्यापुढील फोनवरच चालतात; जुना बटणांचा फोन असेल, तर योजनेपूर्वी हे विचारून घ्यावे.

दुसरे घर : नवरा-बायको सहा महिने गुजरातेत ऊसतोडीस, मुले आजोबांकडे. अपेक्षित निर्णय : दोन्ही ठिकाणी जाळे असलेली कंपनी. ऊसतोडीच्या तळावर ज्याचा फोन लागत नाही, त्याची योजना फुकट असली तरी निरुपयोगी. जाण्यापूर्वी, मागील वर्षी त्याच कारखान्यावर गेलेल्या शेजाऱ्यास विचारावे.

तिसरे घर : पाच माणसे, तीन फोन, दोन मुले शिकणारी. अपेक्षित निर्णय : तिन्ही फोनवर डेटा घेण्याऐवजी एकाच फोनवर रोजच्या डेटाची योजना व इतर दोहोंवर केवळ बोलण्याची. गरज पडल्यास त्या एका फोनचा डेटा दुसऱ्यास हॉटस्पॉटने देता येतो.

चौथे घर : मिरची व भाजीपाला नंदुरबारच्या बाजारात नेणारा शेतकरी, भाव विचारणे, हवामान पाहणे, पैसे घेणे-देणे. अपेक्षित निर्णय : बोलणे अमर्याद व डेटा बेताचा. त्याने एक महिना आपला वापर पाहून मगच दीर्घ मुदतीची योजना घ्यावी.

उत्तरे निराळी आली तरी चालतील. कारण सुसंगत आहे की नाही, एवढेच तपासावे.

क्रमांक कसा टिकवावा

मुदत संपताच प्रथम जाणारे व काही काळाने येणारे फोन बंद होतात. कोणताच वापर ९० दिवस न झाल्यास क्रमांक रद्द होऊ शकतो. मात्र त्या वेळी खात्यात २० रुपये वा अधिक शिल्लक असल्यास ते वळते करून आणखी ३० दिवसांची मुदत मिळते. रद्द झालेला क्रमांक पुढे निदान ९० दिवसांनंतर दुसऱ्या व्यक्तीस दिला जातो, आणि मग बँकेचे संदेश त्या परक्याच्या हाती पडू शकतात. म्हणून एखादा क्रमांक सोडावयाचा असेल, तर आधी बँक व आधार येथील नोंद बदलावी. हा क्रम कधीही उलटा करू नये.

सेवा समाधानकारक नसल्यास क्रमांक न बदलता कंपनी बदलता येते. ही सोय देशभर दि. २० जानेवारी २०११ पासून सुरू झाली. ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजीत व त्यापुढे आपला क्रमांक लिहून १९०० वर संदेश पाठविल्यास आठ अक्षरांचा संकेतांक येतो. महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो. पूर्वीच्या कंपनीकडे ९० दिवस झालेले असले पाहिजेत. जुन्या योजनेची शिल्लक नव्या कंपनीकडे जात नाही. म्हणून वार्षिक रिचार्ज करून लगेच कंपनी बदलणे म्हणजे भरलेले पैसे सोडून देणे होय. तक्रारीसाठी आपल्या कंपनीचा १९८ हा विनामूल्य क्रमांक आहे. तेथे मिळालेला तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवावा.

शिक्षकांनी घ्यावयाची काळजी

काही मुलांच्या घरी फोन नसेल. ‘कोणाकडे कोणता फोन?’ अशी हात वर करून विचारणा वर्गात करू नये. पालकांचे क्रमांक वा परवलीचे अंक मुलांकडून मागवू नयेत. ‘आलेला अंक कोणास सांगावयाचा नाही’ हे मात्र आवर्जून शिकवावे. ज्या वर्गात घरची बोली अहिराणी वा भिली असेल, तेथे ‘मुदत’, ‘शिल्लक’, ‘वैधता’ हे शब्द प्रथम बोलीतून समजावून द्यावेत. गावातील रिचार्जचे दुकान चालविणारा हाही गावकरीच असतो. त्याच्याविषयी संशय निर्माण होईल असे बोलू नये. मुलांनी त्याला नम्रपणे ‘काका, फक्त बोलण्याचा वर्षाचा रिचार्ज केवढ्याला आहे?’ असे विचारावे. नेमका प्रश्न विचारला, तर बहुधा नेमके उत्तर मिळते.

स्वाध्याय

१. आज दुकानात मिळणाऱ्या कोणत्याही तीन योजनांचा दर दिवसाचा खर्च दोन दशांश स्थळांपर्यंत काढा.
२. २८ दिवसांची एक योजना व ३० दिवसांची एक योजना सारख्याच किमतीची आहे. वर्षात किती रिचार्जचा फरक पडेल?
३. घरातील मोठ्या माणसास विचारून त्यांची गरज एका वाक्यात लिहा व त्यांना योग्य योजना सुचवा.
४. पुढील रिचार्जची तारीख घरच्या दिनदर्शिकेवर लिहा.

समारोप

ह्या पाठाचे मूल्यमापन वहीतील भागाकारांवरून होईलच. परंतु चौथा स्वाध्याय ज्या घरी पार पडला, त्या घरात पाठ खऱ्या अर्थाने पोहोचला असे समजावे. गावात शिक्षकाकडे लोक कागद वाचून घ्यावयास येत. आता ते फोनवरील संदेश वाचून घ्यावयास येतात. तो संदेश वाचून दाखविताना ‘तुमची मुदत अमुक तारखेस संपते’ एवढे एक वाक्य शिक्षकाने पुढे जोडले, तरी एखाद्या आजीचा क्रमांक, आणि त्याबरोबर तिच्या पेन्शनची वाट, शाबूत राहील.