छातीच्या फोटोला ७१ गुण

प्रश्न : आमच्या गावात क्षयरोगाचं शिबिर भरलं होतं. हातात मावेल एवढ्या यंत्रानं सगळ्यांच्या छातीचे फोटो काढले आणि लॅपटॉपनं माझ्या फोटोला १०० पैकी ७१ गुण दिले. थुंकीत मात्र काही निघालं नाही. मला पूर्वी क्षय होऊन बरा झाला आहे. आता तो ७१ टक्के उलटलाय असं समजायचं, की संगणक चुकला?
– एक वाचक, सांगोला

उत्तर : बहुधा दोन्ही नाही. ७१ गुण म्हणजे रोग असण्याची शक्यता ७१ टक्के, असा अर्थ होत नाही.

संगणकाच्या लेखी तुमचा एक्स-रे म्हणजे लाखो ठिपके आणि प्रत्येक ठिपका किती काळा, किती पांढरा ते सांगणारा आकडा. क्षय असलेल्यांचे आणि नसलेल्यांचे हजारो फोटो त्याला आधी दाखवलेले असतात. उत्तर चुकलं की आतलं गणित किंचित बदलतं. असं पुन्हा पुन्हा करता करता क्षयातले डाग त्याच्या ओळखीचे होतात. तुमचा फोटो त्या फोटोंशी किती जुळतो, याचं माप म्हणजे गुण. दुसऱ्या कंपनीच्या संगणकानं त्याच फोटोला वेगळे गुण दिले असते.

आता तुमचा जुना आजार. क्षय बरा झाला तरी फुप्फुसात, बहुतेकदा वरच्या भागात, व्रण राहू शकतात : आक्रसलेल्या पांढऱ्या रेघा किंवा कॅल्शियम साठलेले ठिपके. संगणकानं गुण त्यांनाच दिले असण्याची शक्यता मोठी आहे. डाग दिसला, पण त्यात आज जंतू आहेत का, हे एक्स-रे सांगू शकत नाही. त्यासाठी थुंकीत जंतूचा डीएनए शोधतात. सीबीनॅट किंवा गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हेच काम करतं.

मग एवढ्या लोकांना उगाच घाबरवायचं कशाला? हिशेब करून पाहू. चाळणीसाठी वापरायच्या चाचणीनं १०० रुग्णांपैकी किमान ९० पकडावेत आणि १०० निरोग्यांपैकी किमान ७० जणांना मोकळं सोडावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा आहे. समजा, १,००० लोकांत १० जणांना क्षय आहे. ही अपेक्षा जेमतेम पुरी करणारी चाचणी त्यातले ९ पकडेल आणि क्षय नसलेल्या ९९० पैकी २९७ जणांकडेही बोट दाखवेल. म्हणजे थुंकी द्यायला लागलेल्या ३०६ जणांत क्षय फक्त ९ जणांना! पण १,००० ऐवजी ३०६ तपासण्यांत भागलं. किती गुणांच्या वर थुंकी तपासायची, ही रेघ माणसंच ठरवतात. खाली ओढली तर तपासण्यांचा खर्च वाढतो, वर नेली तर रुग्ण निसटतात.

याच कामापुरता, म्हणजे १५ वर्षं आणि त्यापुढच्या व्यक्तींचे फोटो चाळण्यासाठी, संघटनेनं २०२१ साली संगणकाला माणसाच्या जागी बसायला हिरवा कंदील दाखवला. निदानाचा शिक्का मारायला नव्हे.

त्याला कारण आहे. २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी न्यूमोनिया ओळखणाऱ्या एका संगणकाची झडती घेतली. फोटो कोणत्या रुग्णालयातला, हे तो जवळपास बिनचूक ओळखत होता. डावी-उजवी बाजू कळावी म्हणून तंत्रज्ञ कोपऱ्यात धातूची खूण ठेवतात, तीही त्याच्या निवाड्यात धरली जात होती. जिथे न्यूमोनियाचे रुग्ण जास्त, तिथल्या फोटोवर संशय जास्त. म्हणून एके ठिकाणी पास झालेला संगणक दुसरीकडे वापरण्याआधी तिथल्या माणसांवर पारखून घ्यावा लागतो.

तुम्ही एवढंच करा : जुन्या उपचारांच्या वेळचा एक्स-रे असेल तर शोधा आणि नव्यासोबत डॉक्टरांना दाखवा. डाग होता तसाच आहे की वाढलाय, हे दोन्ही फोटो शेजारी ठेवले की बरंच कळतं. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजनात घट असेल, तर पहिल्या थुंकीत काही निघालं नाही म्हणून गप्प बसू नका. पुन्हा तपासून घ्या.