टीईटीची मुदत संपली?

प्रश्न : डिसेंबर २०१३ ची शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी), पेपर १ उत्तीर्ण आहे. प्रमाणपत्रावर सात वर्षांची मुदत आहे. नूतनीकरण करून देतो म्हणत एक जण पैसे मागतोय. काय करू?
– एक वाचक भगिनी, रिसोड (जि. वाशीम)

उत्तर : ताई, एक रुपयाही देऊ नका. टीईटीला नूतनीकरण लागतच नाही. केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये सात वर्षांची अट काढली, तीही २०११ पासूनच्या प्रमाणपत्रांसाठी. म्हणजे तुमचे प्रमाणपत्र आजन्म वैध आहे. मूळ प्रत मात्र जिवापाड जपा. २०१९ च्या परीक्षेतील गैरप्रकारानंतर पडताळणी कडक झाली आहे.

फक्त टीईटीवर नोकरी मिळत नाही. ‘पवित्र’ पोर्टलवरील शिक्षक भरतीत टेटचे (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी; ही टीईटीहून वेगळी) गुण लागतात, त्यामुळे तयारी आता त्या परीक्षेची करा. सहावी ते आठवीला शिकवायचे असेल, तर पेपर २ वेगळा द्यावा लागेल.