टेबलाकडून स्टाइलशीटकडे: जुनं वेबपान नव्याने कसं मांडावं?

तुमच्या विभागाचं, प्रयोगशाळेचं किंवा तुमच्या गावच्या महाराष्ट्र मंडळाचं एखादं जुनं संकेतस्थळ अजून चालू असेल. त्यातल्या एखाद्या पानाचा सोर्स उघडून बघा. टेबल, टेबलात ओळ, ओळीत घर, घरात पुन्हा एक टेबल! खऱ्या मजकुराचं पहिलं वाक्य सापडेपर्यंत बोट दुखतं. पान दिसतं तर ठीक, मग ते बदलायचं कशाला? आज तेच समजून घेऊ.

हे असं झालं कसं?

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला, तो संशोधकांना माहितीची देवाणघेवाण करता यावी म्हणून. त्यामुळे एचटीएमएल मजकुराचं स्वरूप सांगत असे: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी. ते कसं दिसावं हे बरंचसं ब्राउझरवर सोडलेलं होतं.

पुढे वेब प्रयोगशाळेबाहेर पडलं आणि लोकांना मासिकासारखी पानं हवीशी वाटू लागली. १९९५ मध्ये नेटस्केप ब्राउझर टेबल दाखवू लागला. टेबल होतं आकडेवारीसाठी, पण पानाचे रकाने पाडायलाही ते चालतं हे डिझायनरांच्या लगेच लक्षात आलं. डेव्हिड सीगल यांच्या १९९६ च्या पुस्तकाने ही युक्ती घरोघरी पोचवली. मोकळी जागा हवी? एका पिक्सेलचं पारदर्शक चित्र घ्या आणि हवं तेवढं ताणा!

त्या लोकांना हसू नका. होकोन व्हियुम ली यांनी स्टाइलशीटची कल्पना ऑक्टोबर १९९४ मध्येच मांडली होती आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती डब्ल्यूथ्रीसीची अधिकृत शिफारस झाली. पण ब्राउझर ती नीट पाळायला लागेपर्यंत आणखी काही वर्षं गेली. तोवर टेबल हाच भरवशाचा मार्ग होता.

मग बिघडलं काय?

एक साधं उदाहरण घ्या. पानावर तीन बातम्या शेजारीशेजारी आहेत. टेबलाच्या पहिल्या ओळीत तीन शीर्षकं, दुसऱ्या ओळीत तीन मजकूर. डोळ्यांना प्रत्येक मजकूर आपापल्या शीर्षकाखाली दिसतो. पण अंध वाचक स्क्रीन रीडर वापरतो आणि तो सोर्समधल्या क्रमाने वाचतो: शीर्षक, शीर्षक, शीर्षक, मग मजकूर, मजकूर, मजकूर. कोणता मजकूर कुठल्या बातमीचा? ऐकणाऱ्याने ओळखायचं! डब्ल्यूथ्रीसीच्या १९९९ च्या सुगम्यता-सूचनांमध्ये याबद्दल स्पष्ट इशारा आहे: ओळीने वाचल्यावर अर्थ लागत नसेल तर मांडणीसाठी टेबल वापरू नका.

दुसरी अडचण मोबाइलची. टेबलातले तीन रकाने अरुंद पडद्यावरही तीनच राहतात. तिसरी अडचण दुरुस्तीची. शंभर पानांवर शीर्षकाचा रंग लिहिलेला असेल, तर तो शंभर ठिकाणी बदलावा लागतो. स्टाइलशीटमध्ये एकदाच, आणि ब्राउझर ती फाइल एकदा उतरवून पुढच्या पानांसाठी जपून ठेवतो.

बदलायचं कसं?

१. आधी सगळी टेबलं काढून नुसता मजकूर ठेवा आणि वरपासून खाली मोठ्याने वाचा. अर्थ लागतो का? नसेल तर क्रम इथेच सुधारा.

२. प्रत्येक भागाला त्याचं खरं नाव द्या: मुख्य शीर्षक, दुव्यांची यादी, मुख्य मजकूर, तळटीप. 'लाल, मोठं, ठळक' हे वर्णन झालं. 'शीर्षक' ही ओळख झाली.

३. आता स्टाइलशीट लिहा. दोन रकान्यांसाठी सीएसएस ग्रिड घ्या. २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांमध्ये ते आहे. डावा रकाना २०० पिक्सेल, उरलेली जागा मजकुराला, एवढंच सांगायचं. पडदा अरुंद असेल तर दोन्ही भाग एकाखाली एक, असा नियम मीडिया क्वेरीने जोडा.

४. मापं जपून घ्या. रुंदी २०० पिक्सेल, दोन्ही बाजूंना आतली मोकळी जागा १०-१० आणि कड १-१ पिक्सेल असेल, तर चौकट पडद्यावर २०० नव्हे, २२२ पिक्सेल जागा घेते. विंडोजवरचा इंटरनेट एक्सप्लोरर ५ मात्र कड आणि मोकळी जागा २०० मध्येच धरायचा. या फरकाने किती पानं मोडली याची गणती नाही! आज 'बॉर्डर-बॉक्स' असं सांगितलं की सगळं २०० मध्येच बसतं.

५. मराठी मजकुरासाठी ओळींमधलं अंतर थोडं वाढवा. वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार-ऋकार असल्याने देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त श्वास लागतो. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली असेल, तर फक्त मराठीसाठी वेगळा नियमही लिहिता येतो.

टेबल वाईट का?

मुळीच नाही. तापमान आणि दाबाच्या नोंदी, परीक्षेचे गुण, रेल्वेचं वेळापत्रक यांची जागा टेबलातच आहे. फक्त रकान्यांची आणि ओळींची शीर्षकं 'शीर्षक-घर' म्हणून नोंदवा, म्हणजे स्क्रीन रीडरला '३७.२' या आकड्यासोबत तो कोणत्या रकान्यातला, हेही सांगता येतं. ईमेलची पत्रकं मात्र अजून बऱ्याचदा टेबलातच मांडावी लागतात, कारण काही ईमेल प्रोग्रॅम सीएसएसचे नियम अर्धवटच पाळतात.

काम झालं की एक चाचणी करा. ब्राउझरमध्ये स्टाइलशीट बंद करून पान वाचा. रंग जातील, रकाने जातील, पान ओकंबोकं दिसेल. पण त्यातला विषय पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत सरळ कळला, तर तुमचं पान डोळ्यांनी वाचणाऱ्यालाही कळेल आणि कानांनी वाचणाऱ्यालाही. करून बघा आणि काय सापडलं ते जरूर कळवा.